मदत हवी आहे: ईएसपी३२ वरून व्हॉल्व्ह चालवताना मॉस्फेट तापतो

नमस्कार मंडळी,

गच्चीवरच्या कुंड्यांना ठिबक केलंय. टाकीखाली १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे, कॉइल ३० ओहम भरते, म्हणजे ४०० मिलिअँपियर करंट हवा. ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर बोर्ड) ची पिन एवढा देऊच शकत नाही, म्हणून मध्ये आयआरएफ५४०एन हा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच). त्याचं गेट पिनला, सोर्स ग्राउंडला, ड्रेनला व्हॉल्व्ह, कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड, दोन्ही सप्लायचे ग्राउंड एकत्र जोडलेत.

पिन हाय केली की व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी नाही. मॉस्फेटवर बोट टिकत नाही. ड्रेन-सोर्समध्ये ४.५ व्होल्ट दिसतात, कॉइलला उरतात जेमतेम ७.५. म्हणजे एक वॅटहून जास्त उष्णता मॉस्फेटमध्येच जातेय. डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला मॉस्फेट चालू होतो तो) २ ते ४ व्होल्ट आहे, माझ्या पिनचे ३.३ त्यातच येतात. मग हा पूर्ण चालू का होत नाही?

गेटला १२ व्होल्ट मिळावेत म्हणून अलीकडे बीसी५४७ ट्रान्झिस्टर घालता येईल, पण लॉजिक उलटं होतं. आमच्याकडे लाइट सारखी जाते-येते. लाइट आल्यावर बोर्ड सुरू होईपर्यंत पिन मोकळी, बीसी५४७ बंद, गेट पुल-अपमुळे (१२ व्होल्टकडे खेचणाऱ्या रेझिस्टरमुळे) १२ वर आणि व्हॉल्व्ह उघडा! बोर्ड तिथेच अडकला तर अख्खी टाकी रिकामी होईल. उन्हाळ्यात हे परवडणार नाही. कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद:

थ्रेशोल्डला मॉस्फेट नुसता चालू व्हायला लागतो. ते २ ते ४ व्होल्ट अवघ्या २५० मायक्रोअँपियरला मोजलेले असतात. याच डेटाशीटमधला पूर्ण चालू असतानाच्या रोधाचा ४४ मिलिओहमचा आकडा बघा, तो गेटवर १० व्होल्ट धरून दिलाय. ३.३ वर हा अर्धवट राहणार आणि तापणारच.

टाकीची काळजी अगदी रास्त आहे, म्हणून बीसी५४७ चा फेरा नको. आयआरएलझेड४४एन हा कमी गेट व्होल्टेजवर चालणारा मॉस्फेट लावा. पायांचा क्रम तोच, थ्रेशोल्ड १ ते २ व्होल्ट, तुमच्या करंटला ३.३ पुरतात. गेट ते ग्राउंड १०के (१० किलोओहम) रेझिस्टर टाकायला विसरू नका, पिन मोकळी असली तरी व्हॉल्व्ह बंद राहील. नाहीच मिळाला तर टीआयपी१२२ ट्रान्झिस्टर आणि बेसला १के रेझिस्टर. त्यात व्होल्टभर जातो, पण काम होतं.

प्रोग्राम पिन हाय ठेवून अडकला तर मात्र १०के काही करणार नाही, त्यासाठी वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की बोर्ड रीसेट करणारा टायमर) चालू ठेवा.

बदलल्यावर ड्रेन-सोर्सचं रीडिंग इथे टाका. ०.१ व्होल्टच्या वर आलं तर पार्ट नकली असल्याची शंका घ्या.