मदत हवी आहे: बुटकं इम्पेशन्स उन्हाळ्यात उंच आणि विरळ झालं, छाटू का?

नमस्कार मंडळी,

दादरला दुसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीच्या ग्रिलमध्ये जेमतेम दीड फूट जागा आहे. पूर्वेचं ऊन साडेदहापर्यंत, मग छज्ज्याची सावली. डिसेंबरात नर्सरीतून इम्पेशन्सची सहा रोपं आणली, वीतभरच वाढणारी बुटकी जात. नर्सरीवाल्याने 'बालसम' म्हणून दिली, पण आपला तेरडा तो हा नव्हे. हे मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, पानं रुंद, फुलं चपटी. जानेवारी-फेब्रुवारीत तर कुंडीची माती दिसत नव्हती इतकी फुलं होती. आईचे गुडघे दुखतात, तिला खाली बागेत जाता येत नाही, म्हणून सकाळचा चहा ती त्या खिडकीशीच घेते. ही रोपं मला जगवायचीच आहेत.

मार्चपासून बिनसलं. दांडे हातभर लांब झाले, खालची पानं पिवळी पडून गळाली, फूल आलं तर अगदी शेंड्यावर एखादंच. दुपारी दोनला सगळी माना टाकतात. मी घाबरून सकाळी आणि रात्री ऑफिसातून आल्यावर पाणी घालत होते. गेल्या आठवड्यात एक रोप बुंध्याशी तपकिरी, मऊ होऊन आडवं पडलं. कुंड्या सहा इंची, माती लाल आणि तिसरा हिस्सा शेणखत. मध्यंतरी फुलं कमी झाली म्हणून दोनदा युरियाचं पाणीही दिलं.

आता एप्रिलच्या उकाड्यात छाटणी केली तर रोपं तग धरतील का? की नवीन बी लावू? ग्रिलवर हिरवी जाळी बांधायचाही विचार आहे. गौरीपर्यंत खिडकी भरलेली दिसावी, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद:

ताई, युरिया आधी बंद करा. नत्राने दांडा आणि पान वाढतं, फूल नाही. बाकी दोष हवेचा आहे. या झाडाला १८ ते २४ अंश मानवतात आणि आपल्याकडे आता रात्रीसुद्धा उकाडा उतरत नाही, त्यामुळे बुटकी जातही ताणली जाते. जाळी नको, साडेदहानंतर तुमच्याकडे सावली आहेच. आणखी अंधार केलात तर दांडे उजेडाकडे अजून धावतील.

पाण्याचं मात्र नीट ऐका. दुपारी मान टाकली आणि संध्याकाळी आपोआप उभं राहिलं, तर ते उन्हाच्या झळेने. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर थेंबही घालू नका. लाल माती चिकट, त्यात रात्रीचं पाणी, मुळं गुदमरतात आणि बुंधा कुजतो. पडलेलं रोप मातीसकट टाकून द्या, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

छाटणी करा, पण एकदम सगळ्यांची नाही. आधी दोन रोपं घ्या, प्रत्येक दांड्यावर दोन-तीन डोळे (पान फुटतं ते पेर) ठेवून वरचं कापा. कापलेले शेंडे फुलं-कळ्या काढून पाण्यात ठेवा, पाणी एक दिवसाआड बदला. मुळं सहज फुटतात. मग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडी जाड रेती अशा हलक्या मिश्रणात लावा. जूनपर्यंत ती घरातल्या सगळ्यात थंड खिडकीत सांभाळायची. पावसात छज्ज्याखालीच ठेवा, सरींचा मार त्यांना सोसत नाही.

गौरीसाठी मात्र माझं ऐकाल तर तेरडाच लावा. त्यातही बुटकी जात मिळते, फूटभर वाढणारी. आपली दमट हवा त्याला मानवते. जूनच्या पहिल्या पावसात बी पेरलं की साधारण दोन महिन्यांत फुलतो. फुलं दांड्याला पानांच्या बेचक्यात येतात, म्हणून त्याचा शेंडा खुडू नका. इम्पेशन्सचा खुडतात तसा खुडलात तर पहिला बहर जाईल.

धागाकर्तीचं उत्तर:

दादा, मनापासून आभार. आत्ताच बोट घालून बघितलं, दोन कुंड्या अजून ओल्या चिंब आहेत, सकाळी पाणी न घालताही. आजपासून रात्रीचं पाणी बंद. दोन रोपं छाटली, नऊ शेंडे काचेच्या बरणीत ठेवलेत. तेरड्याचं नाव काढल्यावर आई म्हणाली, माहेरी गौरीला तेरडा परसातूनच आणायचे. बुटक्या तेरड्याचं बी दादरमध्ये नक्की कुठे मिळेल? पिशवीवर 'बालसम' एवढंच लिहिलेलं असतं, मग उंच की बुटका हे ओळखायचं कसं?