नाताळ, पाहुणे आणि कुलकुल

लहान मुलं आणि वर मुक्कामी पाहुणे, मग नाताळ घरी कसा करायचा, हा प्रश्न वाचला. झाड-बिड राहू द्या, सगळ्यांना कुलकुल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, करायला बसवा! आम्हाला शेजारच्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या) काकूंनी शिकवलं. मैदा, थोडा रवा, अंडं, साखर, नारळाचं दूध, लोणी. बोराएवढी गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून पसरायची आणि अलगद गुंडाळायची, की रेघांचा शिंपला तयार. मुलांचे अर्धे शिंपले तेलात उलगडतात, उलगडू द्यात. तळण मात्र मोठ्यांकडेच. आमच्या सासूबाई आधी अंड्यावरून कुरकुरल्या, मग त्यांचेच कुलकुल सगळ्यांत सुबक झाले.

रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, पेंगुळलेली पोरं नेण्यात अर्थ नाही. आम्ही पंचवीसला संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला जातो. रिक्षाची आशा सोडून चालतच.

बाळ येशूच्या जन्माच्या देखाव्यातला घरचा गोठा खोक्याचा. मेंढपाळ नव्हते, म्हणून दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे उभे केले. नाशिकहून आलेल्या भाच्याने विचारलं, "बाळ झोपलंय, मग भाले कशाला?" माझी लेक म्हणाली, "लांडगे येतात ना रे!"