मदत हवी आहे: ओट्याच्या ग्रॅनाइटचे तीन दर, तिन्ही वेगळे

नमस्कार मंडळी. पुण्यात आईच्या जुन्या फ्लॅटमधला कडप्प्याचा ओटा काढून काळा ग्रॅनाइट बसवायचा आहे. ओटा एल आकाराचा, एका भिंतीला 10 फूट, दुसरीला 6 फूट, रुंदी 2 फूट. तिघांना बोलावलं. एकाने 19,500 सांगितले, दुसऱ्याने 28,000, तिसऱ्याने 41,000. तिघेही "सगळं धरून" म्हणतात, पण सगळं म्हणजे काय ते कुणी लिहून देत नाही.

दुसऱ्याचा हिशोब घरी मांडला तेव्हा लक्षात आलं, त्याने 16 रनिंग फूट (म्हणजे नुसती लांबी) धरून 32 चौरस फूट दगड लावलाय. कोपरा दोनदा मोजला गेला! खरं क्षेत्रफळ 28 चौरस फूट. मोल्डिंगही (पुढच्या कडेला दिलेला आकार) 16 फुटांचं धरलंय, पुढची कड मात्र 12 फूटच भरते. वेस्टेजचे (कापताना वाया जाणाऱ्या दगडाचे) पैसे द्यायला माझी ना नाही, पण ते वेगळं दाखवावं ना?

स्वस्तवाल्याच्या दरात जुना ओटा फोडणं, राबिट (फोडलेला मलबा) उचलणं आणि सिंकचं कटिंग नाही, हे खोदून विचारल्यावर कळलं.

दगड आपण स्वतः निवडून आणावा आणि मिस्त्रीला फक्त मजुरी द्यावी, की एकाच माणसाकडे सगळं सोपवावं? दगड कापताना तडकला तर नुकसान कुणाचं, हे आधी कसं ठरवता? आईला गुडघ्यांचा त्रास आहे, स्वयंपाकघर दोन दिवसांहून जास्त बंद ठेवता येणार नाही. अलीकडे हे काम केलेल्यांनी मजुरीचा दर आणि ॲडव्हान्स किती दिला ते कृपया सांगा.