हर्बेरियम शीटचे फोटो: एकच कोपरा पुसट येतो, मदत हवी आहे

मंडळी, फोंड्याजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्याकडे जुन्या हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेल्या वाळक्या वनस्पती) आहेत, काही तर गोव्यातल्याच मोपाच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या. आता तिथे विमानतळ! दर पावसाळ्यात बुरशी थोडं थोडं खाते, म्हणून निदान फोटो तरी काढून ठेवू म्हटलं. शीट पालथी घातली की वाळकी फुलं गळतात, त्यामुळे साधा स्कॅनर बाद. (लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानवाल्यांनी यासाठी स्कॅनरच उलटा टांगला होता. आमच्याकडे टांगायला स्कॅनर नाही.)

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, त्यासोबत आलेली १८-५५ मिमी झूम लेन्स, ५० वर. ट्रायपॉडचा दांडा आडवा करून मीटरभर उंचीवरून खाली रोखलेला. शीट ४२ × २८ सेंमी, चौकटीत चपखल बसते. एफ ५.६ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) मधली सीतेची आसवं, ही रानफुलं, सुरेख येतात, पण उजवा खालचा कोपरा, म्हणजे नेमकं लेबल, पुसट. एफ २२ केलं तर अख्खी शीटच दुधाळ. मोबाइलचं लेव्हल ॲप कॅमेरा सपाट दाखवतं. नवी लेन्स मागू का?

प्रतिसाद:
ताई, थांबा. आधी शीट अर्धा फेरा फिरवा (पालथी नको!). पुसटपणा लेबलाबरोबर गेला तर कागदच वाकलाय. नाही गेला तर कॅमेरा तसाच फिरवा. फोटोत तोच कोपरा पुसट राहिला तर लेन्सचा दोष. तिरक्या समोरच्या कोपऱ्यात गेला तर कॅमेरा आणि टेबल समांतर नाहीत. ॲपने कॅमेरा मोजला, टेबल कोणी मोजलं? शीटच्या जागी आरसा ठेवा आणि लेन्सचं प्रतिबिंब चौकटीत बरोबर मधोमध येईपर्यंत जुळवत राहा. एफ ८ ठेवा. २२ ला विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच मऊ होतं. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं दृश्य) मोठा करून हाताने फोकस, २ सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद. पंखासुद्धा.

धागाकर्ती:
आरशात लेन्स पार कडेला! शीटखालचं प्लायवूड ओल खाऊन एका बाजूला बोटभर उचललं होतं. ते काढून कडप्प्याची लादी ठेवली. लेबलावर पेन्सिलीने लिहिलेलं ‘सडा, ओलसर जागा’ आज पहिल्यांदा फोटोत वाचलं. पंखा बंद करून चाळीस शीट झाल्या, उरलेल्या चवथीनंतर.