रोज सकाळी पहिल्या सात-आठ ऑर्डर्स फेल, मग दिवसभर सगळं ओके (ईएसबी, म्हणजे वेगवेगळी सॉफ्टवेअर्स जोडणारं मधलं सॉफ्टवेअर + मायएसक्यूएल डेटाबेस)

गोडाऊनवाला
मंडळी, डोकं बंद पडलंय. भिवंडीच्या एका गोडाऊनचं इंटिग्रेशन गळ्यात आलंय, ईएसबी डब्ल्यूएसओटू ईआय ६.x आणि मागे मायएसक्यूएल ५.७. ऑर्डर येते, सीक्वेन्समध्ये (ऑर्डरवर ओळीने चालणाऱ्या पायऱ्या, एकेक पायरी म्हणजे मीडिएटर) डीबीलुकअप मीडिएटर डेटाबेसमधला स्टॉक बघतो, डीबीरिपोर्ट एंट्री मारतो, विषय संपला. पण रोज सकाळी साधारण सात-चाळीसला पहिली ऑर्डर आली की कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर (डेटाबेसशी जोडणी तुटल्याची एरर), मग दुसरी, तिसरी, अशा सात-आठ जातात आणि त्यानंतर दिवसभर एकही एरर नाही. महिनाअखेरीला रात्री बॅच चालते, तेव्हा मात्र सकाळी काहीच होत नाही!! पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सचा साठा) मीडिएटरमध्येच दिलाय, मॅक्सॲक्टिव्ह (एका वेळी जास्तीत जास्त कनेक्शन्स) ५०, टेस्टऑनबॉरो (वापरायला देण्याआधी कनेक्शन तपासणं) ट्रू, बाकी काही दिलेलं नाही. एका ब्लॉगवर वाचलं की कनेक्शनच्या यूआरएलमध्ये ऑटोरीकनेक्ट (तुटलं की आपोआप परत जोड) ट्रू टाका, टाकू का?

आणि जाता जाता अजून एक, एका ऑर्डरमध्ये पाच आयटम असले तरी लुकअपमधून एकच येतो. तीच क्वेरी वर्कबेंचमध्ये (मायएसक्यूएलचं टूल) थेट चालवली तर पाचही दिसतात.

रात्रपाळी
ती एरर पूर्ण वाचली का? त्यात पुढे "शेवटचं पॅकेट इतक्या मिलिसेकंदांपूर्वी मिळालं" असा आकडा असतो, तो इथे टाका, बाकीचं नंतर बोलू.

गोडाऊनवाला
३,७८,४२,६११

रात्रपाळी
म्हणजे साडेदहा तास. आदल्या रात्री नऊ-दहाला शेवटची ऑर्डर आली असणार. मायएसक्यूएलचा वेट टाइमआउट डिफॉल्ट २८८०० सेकंद, म्हणजे आठ तास. तेवढा वेळ कनेक्शन गप्प बसलं की सर्व्हर आपल्या बाजूने ते बंद करतो आणि तुमच्या पूलला याचा पत्ताच नसतो, तो सकाळी तेच मेलेलं कनेक्शन काढून हातात देतो. महिनाअखेरीला बॅचमुळे कनेक्शन्स जागी राहतात म्हणून त्या दिवशी काही होत नाही. आणि सात-आठच का, तर मॅक्सआयडल (रिकामी कनेक्शन्स जास्तीत जास्त किती ठेवायची) तुम्ही दिलेलं नाही आणि डीबीसीपीत, म्हणजे मीडिएटर वापरतो त्या पूल लायब्ररीत, ते डिफॉल्ट ८ आहे, आठ मुडदे एकेक करून बाहेर पडले की मग नवीन कनेक्शन्स उघडतात.

आता खरी गोम. टेस्टऑनबॉरो ट्रू केलंय पण व्हॅलिडेशन क्वेरी, म्हणजे कनेक्शन जिवंत आहे का ते बघायची छोटी क्वेरी, कुठाय? जुन्या डीबीसीपीत क्वेरी रिकामी असली की ते ट्रू नुसतं शोभेचं, टेस्ट होतच नाही आणि तो तक्रारही करत नाही. "सिलेक्ट १" टाका. (पुढेमागे ओरॅकलवर गेलात तर "सिलेक्ट १ फ्रॉम ड्युअल".)

ऑटोरीकनेक्टच्या नादी अजिबात लागू नका, ज्या क्वेरीला मेलेलं कनेक्शन मिळतं ती तरीही पडतेच, जोडणी होते ती पुढच्या वेळी. शिवाय सेशनमध्ये जे सेट केलं होतं ते गुपचूप उडतं. मायएसक्यूएलवालेच त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये वापरू नका म्हणतात.

डीबीए_काकू
वरचं बरोबर आहे, पण थोडी भर घालते. हा आकडा आठ तासांच्या वर आहे म्हणून मायएसक्यूएलवर बोट ठेवता आलं. तोच तासाभराचा असता तर मी आधी मधल्या फायरवॉलकडे बघितलं असतं, आणि क्लाउडवर असाल तर एडब्ल्यूएसचा नेटवर्क लोड बॅलन्सर (सर्व्हर्समध्ये ट्रॅफिक वाटणारा) गप्प बसलेलं कनेक्शन डिफॉल्टने ३५० सेकंदांतच सोडतो. तिथे नुसत्या व्हॅलिडेशन क्वेरीने भागत नाही. मायएसक्यूएल निदान जाताना सांगून जातो, त्यामुळे एरर लगेच येते. फायरवॉल बऱ्याचदा काही न बोलता पॅकेट गिळतो, मग तुमचं "सिलेक्ट १" च लटकून बसतं, कारण कनेक्टर-जे मध्ये (मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर) सॉकेट टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मर्यादा, डिफॉल्ट शून्य, म्हणजे वाट बघत बसा जन्मभर. तेव्हा तोही द्या, फक्त तुमच्या सगळ्यात लांबलचक क्वेरीपेक्षा जास्त ठेवा नाहीतर महिनाअखेरीची बॅच अर्ध्यात तुटेल आणि मग मलाच शिव्या.

आणि मॅक्सॲक्टिव्ह ५० कोणी सांगितलं हो? नोड (ईएसबी चालवणारे सर्व्हर) किती आहेत? मायएसक्यूएलचं मॅक्स कनेक्शन्स डिफॉल्ट १५१ आहे, चार नोड झाले की २०० होतात, मग "टू मेनी कनेक्शन्स" आलं की सगळे डीबीएच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या) नावाने बोंबलतात.

मिडलवेअर_मामा
आयटमचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहितो. तो बग नाही, डीबीलुकअप मुळात निकालातली पहिलीच रो (ओळ) घेतो, तो एखादी किंमत किंवा स्टेटस उचलून प्रॉपर्टीत टाकण्यापुरता आहे. अनेक रो हव्या असतील तर डेटा सर्व्हिस (क्वेरीचा निकाल देणारी वेगळी सर्व्हिस) लिहा, क्वेरी तिच्यात ठेवा आणि सीक्वेन्समधून तिला कॉल करा. लोक यावर उपाय म्हणून ग्रुप कॉन्कॅट (अनेक रोंच्या किमती स्वल्पविरामाने जोडणारं मायएसक्यूएलचं फंक्शन) करून एका रोमध्ये पाच आयटम कोंबतात आणि पुढे स्क्रिप्टने तोडतात, मी पण केलंय, आयटमच्या नावात स्वल्पविराम आला त्या दिवशी कळलं. शिवाय ग्रुप कॉन्कॅट डिफॉल्टने १०२४ बाइट्सला मुकाट कापतो.

डेटा सर्व्हिस करताच आहात तर पूल पण मीडिएटरमधून काढून ईएसबीच्या मास्टर डेटासोर्सेसच्या फाइलमध्ये न्या आणि जेएनडीआय नावाने (पासवर्डऐवजी नुसत्या नावाने पूल शोधायची जावाची सोय) वापरा. पासवर्ड प्रत्येक सीक्वेन्समध्ये उघडा पडलेला राहत नाही. तिथला पूल टॉमकॅटचा (दुसरी पूल लायब्ररी) आहे, त्याच्या नमुना कॉन्फिगमध्ये व्हॅलिडेशन इंटरव्हल ३०००० असतो, म्हणजे एकदा तपासलेलं कनेक्शन तीस सेकंद परत तपासत नाही, त्यामुळे दर ऑर्डरला जास्तीची क्वेरी जाईल ही भीती नको.

गोडाऊनवाला
व्हॅलिडेशन क्वेरी टाकली, आज सकाळी सात-बावन्नला पहिली ऑर्डर आली आणि सरळ गेली 🙏 एका ओळीसाठी तीन आठवडे गेले राव. काकू, नोड दोनच आहेत पण ५० चे १५ केले. आता डेटा सर्व्हिस लिहायला बसतो. मामा, आमच्याकडे ग्रुप कॉन्कॅट कालच टाकून झालं होतं, काढतो.