‘टिप’ला मराठीत काय म्हणायचं? बक्षीस तर नव्हे

राजारामपुरी, कोल्हापूर

माझा भाचा अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला शिकायला आहे. गेल्या रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल चालू होता. आमचं पोह्यांचं ताट समोर, त्याच्याकडं शनिवारची रात्र. बोलता बोलता त्यानं फोनवरूनच जेवण मागवलं. २२ डॉलरचं जेवण, वर डिलिव्हरीचे वेगळे पैसे, आणि शेवटी ॲपनं विचारलं, टिप किती? त्यानं ४ डॉलर टाकले.

ताई इकडून ओरडली, “अरे, आधीच कसलं बक्षीस? जेवण दारात येऊ दे, गरम हाय का बघ, मग दे की.”

“आई, बक्षीस नव्हे ते. नाही टाकलं तर कोण आणायचंच नाही.”

“मग बक्षीस कशाला म्हणतोस? दुसरं कायतरी म्हण.”

खरं तर बक्षीस तीच म्हणाली होती, पण तो मुद्दा सोडा. भाच्यानं विषय माझ्याकडं ढकलला, “मामा, सांग की शब्द.” मी मराठीचा शिक्षक, निवृत्त असलो तरी. आणि मला शब्द सापडेना.

पोस्त दिवाळीचं असतं, पोस्टमनला, पेपरवाल्याला, वर्षातून एकदा. चिरीमिरी म्हटलं की टेबलाखालचा हात दिसतो. खुशाली गोड आहे, पण भाचा विचारतो खुशी कुणाची. नुसतं ‘टिप’ लिहावं, तर मराठीत टीप आधीच चार कामं करते: पानाखालची टीप, शिलाईची टीप, पोलिसांना दिलेली टीप आणि डोळ्यांतून गाळतो ती टिपं. तुमच्याकडं काय म्हणतात?

नागाळा पार्क

सर, टिप हा शब्द ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांपासून झालाय. म्हणजे आधी द्यायची तीच खरी टिप. भाचा बरोबर आहे.

राजारामपुरी

हे गेली कित्येक वर्षं मोबाईलवर फिरतंय आणि ते खोटं आहे. आद्याक्षरं जोडून शब्द करायची सवय इंग्रजीत विसाव्या शतकात बोकाळली. टिप त्याच्या कितीतरी आधीची आहे. सतराव्या शतकात तिकडच्या चोर-भामट्यांच्या बोलीत ‘टिप’ म्हणजे हातावर ठेवणं, देणं, आणि अठराव्या शतकात ती नोकराच्या हातावर ठेवलेल्या पैशाला चिकटली. भाचा बरोबर आहे, कारण तुम्ही सांगता ते नव्हे.

कसबा बावडा

कोर्टातल्या माणसाचं दोन ओळींचं मत. आमच्याकडं बक्षीसपत्र होतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १२२: बक्षीस म्हणजे स्वखुशीनं आणि मोबदल्याशिवाय दिलेलं. मोबदला आला की ते बक्षीस राहत नाही. पोरगं गाडी काढून जेवण आणून देतंय, हा मोबदला नाही तर काय? ताईसाहेब कायद्याच्या बाजूनं आहेत.

न्यू जर्सी (मूळ गडहिंग्लज)

इथं वीस वर्षं काढली, म्हणून आतली गंमत सांगतो. जेवण आणणारा माणूस त्या ॲपचा नोकर नसतो, कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार असतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, टायर त्याचे. ऑर्डर आली की त्याच्या फोनवर अंतर आणि साधारण किती मिळतील तो आकडा दिसतो, आणि त्या आकड्यात तुमची टिप धरलेली असते. आकडा बरा दिसला तर तो घेतो, नाहीतर सोडतो. सोडली की ऑर्डर दुसऱ्याकडं, मग तिसऱ्याकडं. तोवर तुमचा भात हॉटेलच्या कट्ट्यावर गार. २०२३ साली डोअरडॅश या ॲपनं तर टिप न टाकणाऱ्याला ‘वेळ लागेल हं’ असा इशाराच दाखवायला सुरुवात केली.

हॉटेलातल्या वाढप्याची गोष्ट वेगळी, पण जात तीच. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला किमान २.१३ डॉलर द्यायचे, हा केंद्राचा दर १९९१ पासून हललेला नाही. बाकीच्यांचा किमान दर ७.२५, तोही २००९ पासून तिथंच. टिप धरून ७.२५ भरले नाहीत तर उरलेले मालकानं घालायचे, असा नियम आहे. काही राज्यांत दर जास्त आहे, काहींत टिप धरून चालतच नाही, पण बाकीकडं हिशेबाची तऱ्हा ही. म्हणजे मालकानं द्यायच्या पगारातला तुकडा गिऱ्हाइकाच्या ताटात सरकवलाय. आम्ही त्याला टिप म्हणतो, कारण इंग्रजीतही दुसरा शब्द कुणी काढला नाही.

शाहू मार्केट यार्ड

मग ती हमाली झाली की ओ. गुळाची ढेप गाडीतनं उतरली की हमाली, वजन झालं की तोलाई. माल चांगला का वाईट, मालक खूश का नाराज, काय संबंध? उचललं, ठेवलं, पैसे.

राजारामपुरी

हमाली मलाही आवडला. बक्षिसात देणारा वरच्या पायरीवर उभा असतो. फारसीत बख्शीदन म्हणजे देणं आणि माफ करणंही, हिंदीत अजून ‘जान बख्श दो’ म्हणतात. हमालीत कुणी कुणाला माफ करत नाही. पण एक अडचण: हमाली शून्य टाकता येते का?

शाहू मार्केट यार्ड

ते बाकी खरं. हमालीचा दर ठरलेला असतो. १९६९ चा माथाडी कायदा झाला तो मुळात त्यासाठीच, की मालकाच्या मर्जीवर हमाल नको. शून्य टाकता येतं ती हमाली नव्हे. माघार.

कागल

बलुतं म्हणा. सुताराला, न्हाव्याला गावानं मिळून पोसायचं, तसं तिथं गिऱ्हाइकांनी मिळून.

राजारामपुरी

नको. बलुतं सुगीला, खळ्यावर, वर्षाच्या कामाचं. आणि त्या शब्दाला जात चिकटलेली आहे. ती कोलंबसच्या पोराच्या अंगावर कशाला घालायची?

शिवाजी पेठ

माझं वय ७८, म्हणून आमच्या वेळचं सांगतो. तमाशात दौलतजादा असायचा. आवडलं म्हणून पैसे देणारे होते, पण पुष्कळदा नोट आधी पुढं व्हायची आणि मग फर्माईश. पैसे दिसल्याशिवाय तुमची लावणी पुढं यायची नाही. आधी पैसे आणि मग सेवा हे अमेरिकेनं शोधलेलं नाही. फरक एवढाच, की दौलतजादा चारचौघांत मिरवायचा असायचा. तुमचा भाचा फोनवर गुपचूप आकडा दाबतो. एवढ्या खर्चात नाव नाही, गाव नाही, काय उपयोग?

राजारामपुरी

आबा, तुमच्या या प्रतिसादावर अख्खा दिवस हसतोय. शब्द घेता येणार नाही, पण पैसे आधी की नंतर, हा खिळा तुम्ही बरोबर ठोकलात.

म्युनिक

इकडं जर्मनीत शब्दच आहे ट्रिंकगेल्ड, प्यायचे पैसे. फ्रेंचांचा पूरब्वारही ‘पिण्यासाठी’च. रशियन लोक तर ‘चहासाठी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः आपलं चहापाणी! आपण तो शब्द सरकारी कचेरीत नेऊन नासवला, नाहीतर किती सरळ होता. इथं दारात पिझ्झा आला, बिल १८ युरो ५० सेंट, तुम्ही २० दिलेत की म्हणायचं ‘श्टिम्ट झो’. अर्थ, बरोबर आहे, ठेवा. संपलं.

राजारामपुरी

थांबा, हे महत्त्वाचं आहे. ‘श्टिम्ट झो’ला आपल्याकडं शब्द आहे, फक्त ते नाम नाही. रिक्षावाला सुट्टे शोधायला लागला की आपण काय म्हणतो? “ऱ्हाऊ दे.” शंभरात नव्याण्णव वेळा कोल्हापुरात टिप अशीच दिली जाते. बक्षीस हा शब्दसुद्धा न उच्चारता, घेणाऱ्याचा मान राखून. मी नाम शोधत बसलो आणि भाषेनं क्रियापदावर काम भागवलं होतं. (हल्ली फोनवरून पैसे देताना नेमका आकडा जातो, त्यामुळं ‘ऱ्हाऊ दे’ला जागाच उरली नाही. तो वेगळा विषय.)

पण ‘ऱ्हाऊ दे’ काम झाल्यावरचं. कामाआधीच्या पैशांचं काय? विसार?

कसबा बावडा

विसार नाही. विसार सौदा पक्का करायला देतात आणि मागं फिरलात तर बुडतो. माझी मुलगी सांगते की तिकडं काही ॲपवर जेवण आल्यावरही टिप कमी करता येते. मोठा आकडा दाखवून मागवायचं आणि नंतर खोडायचं, असे महाभाग आहेत. विसार असता तर दावा लावला असता.

न्यू जर्सी (मूळ गडहिंग्लज)

आधी-नंतरवर एक पुरावा देतो. न्यूयॉर्क शहरानं डिसेंबर २०२३ पासून ॲपवरून जेवण पोचवणाऱ्यांना तासाला किमान १७.९६ डॉलर द्यायचा नियम लागू केला. कंपन्या रागावल्या, आणि मोठ्या ॲपनी टिपची जागा ऑर्डर करतानाच्या पानावरून काढून जेवण पोचल्यानंतर नेली. टिप देणारे त्यामुळं घटले, अशी पोरांची तक्रार होती आणि ती रास्त होती. पण शब्दापुरतं बघा: मजुरी ठरली तशी टिप नंतर सरकली, म्हणजे तुमच्या ताईच्या व्याख्येत पुन्हा बक्षीस झाली. नदीपलीकडं माझ्याकडं न्यू जर्सीत ती तेव्हाही आधीच.

गुजरी

आमच्या सराफ कट्ट्यावरचा शब्द घ्या की. घडणावळ. सोन्याचा भाव वेगळा, घडवायचे पैसे वेगळे. हमालीगत एकच दर नसतो, कारागीर बघून, नग बघून कमी-जास्त. गिऱ्हाईक घासाघीस करतंय, पण घडणावळ म्हणजे मेहेरबानी असं कोण समजत नाही.

राजारामपुरी

गुजरीकर, तुम्ही जिंकलात. ‘-णावळ’ हा आपला जुना प्रत्यय आहे, काम करून देण्याच्या पैशांचा: धुणावळ, शिवणावळ, दळणावळ. एकेक करून बहुतेक मागं पडले, सोन्यानं घडणावळ जगवली. त्याच साच्यात पोचणावळ का नको? ठरलेला दर नाही, म्हणून हमाली नव्हे. कामाचा मोबदला आहे, म्हणून बक्षीस नव्हे. ॲप ‘डिलिव्हरी’ म्हणून वेगळे पैसे घेतं त्याला मी पोचणावळ म्हणणार नाही, कारण पोचवणाऱ्याला त्यातलं किती मिळतं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

तेव्हा माझ्यापुरतं असं: आधी टाकली ती पोचणावळ, दारात दिली ती ‘ऱ्हाऊ दे’.

नागाळा पार्क

सर, लिंग कोणतं?

राजारामपुरी

घडणावळीचं तेच. ती पोचणावळ.

या रविवारी ताईला शब्द सांगितला. तिला एकदम पटला. लगेच भाच्याला विचारलं, “पोचणावळ किती घातलीस रे?”

“चार डॉलर.”

“तीन कर की.”