मदत हवी आहे : प्रसिद्धीपत्रकाची सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपतात. गेल्या वर्षी पिल्लं समुद्रात सोडली, तेव्हा प्रसिद्धीपत्रक मीच लिहिलं. सुरुवात केली ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की...’ अशी. मग पाहुण्यांची नावं, शाल, श्रीफळ. पिल्लं आली थेट तिसऱ्या परिच्छेदात. पेपरात दोन ओळी छापून आल्या. त्यात पाहुणे होते, कासवं नव्हती. पहाटे उठून घरट्याला जाळी लावणाऱ्या पोरांचे चेहरे बघवेनात.

ओळखीचे एक वार्ताहरकाका म्हणाले, जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात; कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्या वाक्यातच हवं. पटलं. आता लिहिलंय : ‘आमच्या किनाऱ्यावर रविवारी सकाळी साडेसहाला कासवाची पिल्लं समुद्रात सोडली जाणार आहेत.’ पण हे नुसत्या सूचनेसारखं वाटतं. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, ही माहिती लगेच दुसऱ्या वाक्यात घालू का? की आधी राखण करणाऱ्या पोरांचं सांगू? आणि कार्यक्रमानंतरचं पत्रक वेगळंच लिहायचं ना?

६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. म्हणून तरी हे नीट जमावं असं मनापासून वाटतं. कुणी पहिली दोन वाक्यं सुधारून द्याल का? शुक्रवारी पत्रक पाठवायचं आहे.